पाडवा सोलापुरात ठरतो : दाते पंचांगाची वाटचाल

पंढरपूरजवळच्या करकंबच्या पाडव्याला लागणारं बहुतेक सगळं गावातच मिळतं. वेळूची काठी वळचणीला वर्षभर पडून असते. बांधावरचा कडुनिंब चैत्राच्या तोंडावर बारीक पांढऱ्या फुलांनी भरलेला असतो, आंब्याची डहाळी शेजारच्या मळ्यातून येते, तांब्या देवघरातला आणि खण पेटीतला. साखरेचा हार पंढरपूरच्या बाजूने येतो. लाकडी साच्याच्या खाचेतून दोरा ताणायचा, दोन्ही फळ्या आवळून बांधायच्या, वरच्या तोंडातून कढता पाक ओतायचा आणि तो थिजला की साचा उघडायचा. पदकापदकांची पांढरी लड अख्खी हाती येते. एक गोष्ट मात्र सोलापुरातूनच यावी लागते, आणि तिच्यावाचून हे सगळं कोणत्या दिवशी बाहेर काढायचं तेच कळणार नाही. ती म्हणजे पंचांग.

आमच्या भागात पंचांग म्हटलं की दाते. वरच्या कोपऱ्याला दोरा ओवून देवघराजवळच्या खिळ्याला टांगलेलं, पहिल्या पानावर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली आणि लग्नसराईची पानं हाताळून मऊ पडलेली, अशी त्याची ओळख. पाडव्याला गुढीशेजारी पाटावर नवं पंचांग ठेवून त्याची पूजा होते. त्यामागे शंभर वर्षांहून जास्त काळ चाललेलं एका घराण्याचं गणित आहे, हे पूजा करणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असतं. वसंतातल्या या सणाविषयी दरवर्षी भरभरून लिहिलं जातं. तो ठरवणाऱ्या संस्थेविषयी फारच थोडं. म्हणून ही वाटचाल लिहावीशी वाटली.

लक्ष्मणशास्त्री ऊर्फ नाना दाते यांनी सोलापुरात हे पंचांग सुरू केलं ते शके १८३८ मध्ये, म्हणजे १९१६-१७ साली. नल नावाचं संवत्सर होतं ते. त्या वेळी महाराष्ट्रात पंचांगांचा तुटवडा नव्हता. अडचण वेगळीच होती : पंचांगं एकमेकांशी जुळत नव्हती, आणि बहुतेक आकाशाशीही जुळत नव्हती.

त्याचं कारण जुनं होतं. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली ‘ग्रहलाघव’ लिहिला. त्रिकोणमितीच्या किचकट कोष्टकांत न शिरता ग्रहगणित करता यावं अशी त्याची रचना. तो इतका सोयीचा होता की पुढे साडेतीनशे वर्षं गावोगावचे जोशी त्याच्यावरच पंचांग रचत राहिले. पण ग्रहगतीतली बारीकशी चूकही शतकं लोटली की साचत जाते. छापील ग्रहणाची वेळ आणि डोळ्यांना दिसणारं ग्रहण यांत अंतर पडू लागलं. ते अंतर केरो लक्ष्मण छत्र्यांना खपलं नाही. छत्रे म्हणजे डेक्कन कॉलेजात टिळकांना गणित शिकवलेले केरूनाना. १८६० साली त्यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ आली आणि १८६५ पासून, शके १७८७ मध्ये, त्या आधारावरचं पटवर्धनी पंचांग निघू लागलं. जोशीमंडळींनी ते सहजासहजी स्वीकारलं नाही.

त्यांचा विरोध निव्वळ हट्ट होता असं मला वाटत नाही. तिथी म्हणजे चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश सरकायला लागणारा वेळ. चंद्राची चाल कमीजास्त होते, म्हणून तिथी कधी साठ घटकांहून लांबते, कधी आखूड होते. जुन्या गणिताप्रमाणे ती फार तर पाच घटका वाढायची आणि सहा घटका घटायची. ‘बाणवृद्धी रसक्षय’ हे सूत्र जोश्यांच्या जिभेवर होतं. नवं, आकाशाशी जुळणारं गणित म्हणालं की तिथी सात घटका वाढू शकते आणि दहा घटका घटू शकते. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटं. एवढ्या फरकाने एकादशी एका दिवसावरून दुसऱ्या दिवसावर जाते, श्राद्धाचा दिवस बदलतो. ज्याने आयुष्यभर गावाला उपास कधी धरायचा आणि कधी सोडायचा हे सांगितलं, त्याला उद्यापासून दिवस बदला म्हणणं सोपं नव्हतं.

यात भर पडली ती आकाशातल्या आरंभबिंदूच्या वादाची. राशीचक्र कुठून मोजायचं? एक पक्ष रेवतीचा तारा धरत होता, दुसरा चित्रा. दोघांत सुमारे चार अंशांचा फरक. टिळकांचा कौल रेवतीकडे होता. मुंबईत १९०४ साली या प्रश्नावर संमेलन झालं, पुढे पुण्यात आणि लोकमान्यांच्या अखेरच्या काळात सांगलीला. त्यांच्या मताचं टिळक पंचांग आजही निघतं आणि त्यात मकरसंक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. चित्रापक्षाला भक्कम गणिताची जोड दिली ती सोलापूरच्या शेजारच्या विजापूर-बागलकोट भागात शिक्षकी केलेल्या व्यंकटेश बापूजी केतकरांनी. १९११ साली नेपच्यूनपलीकडे ग्रह असावा असं गणिताने सांगून ते फ्रान्सच्या ज्योतिषसंस्थेच्या नियतकालिकात छापून आणणारा हा माणूस. त्यांच्या ‘ज्योतिर्गणित’ आणि ‘केतकी ग्रहगणित’ या ग्रंथांनी सूक्ष्म पंचांग करणं पुष्कळ सुकर केलं.

हा वाद ऐन भरात असताना नाना दात्यांचं पंचांग निघालं. पुण्या-मुंबईच्या पंडितसभांपासून दूर, गिरण्यांच्या भोंग्यावर चालणाऱ्या सोलापुरात. दाते पंचांग चित्रापक्षाचं. एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण वादाच्या धुरळ्यात ती हरवते : रेवती धरा की चित्रा, तिथी बदलत नाही. चंद्रातून सूर्य वजा करताना दोघांचाही आरंभबिंदू तोच असतो आणि तो फरक आपोआप उडून जातो. बदलतात ती नक्षत्रं, संक्रांती आणि त्यांच्यामुळे अधिक महिने. एका पंचांगात एखादा महिना अधिक आणि दुसऱ्यात नाही, असं झालं की टिळक पंचांग पाळणाऱ्या घरात गणपती महिनाभर आधी येतो. एका वाडीत दोन ठिकाणी दोन वेगळ्या महिन्यांत गणपती बसणं कोकणाने आणि गोव्याने पाहिलेलं आहे. सोलापूर जिल्ह्यात ती वेळ फारशी आली नाही याचं मोठं श्रेय दात्यांच्या पंचांगाने मिळवलेल्या विश्वासाला आहे.

तो विश्वास नुसत्या गणितावर बसला नाही, असं माझं मत आहे. गणित अचूक करणारे आणखीही होते. पण करकंबसारख्या गावातल्या माणसाचा प्रश्न ‘चतुर्थी किती वाजून किती मिनिटांनी लागते’ असा नसतो. ‘आमची संकष्टी कधी?’ एवढंच त्याला हवं असतं. तिथी दोन दिवसांत विभागली तर कोणता दिवस धरायचा, हे धर्मशास्त्राचे नियम ठरवतात. कुठे सूर्योदयाची तिथी, कुठे मध्यान्हीची, कुठे प्रदोषाची, कुठे चंद्रोदयाची. गणित आणि निर्णय अशी दोन्ही कामं एकाच घरात होत राहिली, आणि जोडीला लग्न-मुंजीचे मुहूर्त, वास्तूचे दिवस, श्राद्धाच्या तिथ्या, यात्रा-जत्रा, शेतकऱ्यासाठी नक्षत्रं. ग्रामजोशी, कीर्तनकार, मंगल कार्यालयाचा मालक आणि घरातली आजी, चौघांनाही हवं ते एकाच पुस्तकात सापडू लागलं.

संगणक येण्याआधी हे काम किती चिवटपणाचं होतं ते आज डोळ्यांपुढे आणावं लागतं. वर्षाच्या साऱ्या तिथ्या, तेवढीच नक्षत्रं, तेवढेच योग, त्याच्या दुप्पट करणं. प्रत्येकाची समाप्तीची वेळ वेगळी. कोष्टक उघडायचं, संस्कार द्यायचा, बेरीज-वजाबाकी करायची, पडताळायची. वर हे सगळं पुढच्या पाडव्याच्या कितीतरी आधी छापखान्यात जायला हवं, म्हणजे ते फाल्गुनात करकंबच्या बाजारात दिसेल. अंकांनी गच्च भरलेली पानं खिळे जुळवून छापायची म्हणजे एका आकड्याची चूक कुणाच्या तरी उपासाला भोवायची.

स्वातंत्र्यानंतर सरकारने या विषयात लक्ष घातलं. १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली गेली. तिच्यात ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर आणि नागपूरचे के. ल. दप्तरी हे दोघे मराठी अभ्यासक होते. समितीने धार्मिक पंचांगासाठी चित्रापक्षाला जवळचा आरंभ मान्य केला आणि नागरी वापरासाठी वसंतसंपाताला जोडलेलं सौर वर्ष सुचवलं. २२ मार्च १९५७ रोजी १ चैत्र १८७९ अशी राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. ती राजपत्रात आणि आकाशवाणीवर राहिली. घराघरांत मात्र तिने चैत्र बदलला नाही. इराणपासून मध्य आशियापर्यंत जिथे नवरोज साजरा होतो तिथे वर्ष नेमकं वसंतसंपाताला उजाडतं, आपल्याकडच्या पारशी घरांतही २१ मार्चचा जमशेदी नवरोज असतो. आपला पाडवा चंद्राला बांधलेला, म्हणून तो मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत हिंडतो. २०२४ साली ९ एप्रिल, २०२५ साली ३० मार्च, २०२६ साली १९ मार्च. हा हिंडता सण रोखून धरण्याचं काम अधिक महिना करतो, आणि तो कधी घालायचा हे पंचांगवाल्याने आधी सांगितलेलं असावं लागतं.

त्याचा थेट हिशेब शेतात पोचतो. आमच्याकडे सालगड्याचं वर्ष पाडवा ते पाडवा. ज्वारीची सुगी आटोपलेली असते, कडब्याची गंजी रचून झालेली असते. पाडव्याला जुनं साल मोडतं आणि त्याच दिवशी नवं धरलं जातं : रोख किती, उचल किती, धान्य किती. २०२६ साली ज्येष्ठ अधिक. म्हणजे १९ मार्च २०२६ ते ७ एप्रिल २०२७ हे साल ३८४ दिवसांचं, तेरा महिन्यांचं. त्या तेराव्या महिन्याचं काय, हे साल धरतानाच मोकळेपणाने बोललं गेलं पाहिजे, आणि पंचांग समोर उघडून बोललं गेलं पाहिजे. जो गडी वाचू शकत नाही त्याला ते वाचून दाखवणं हे मालकाचं काम आहे.

२०२६ चा पाडवा आणखी एका कारणाने पंचांगाची कसोटी पाहणारा. १९ मार्चला अमावास्या सकाळी सहा बावन्नच्या सुमाराला संपते आणि प्रतिपदा लागते. ती दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या आत संपूनही जाते. सोलापुरात सूर्य उगवतो साडेसहाच्या सुमारास, म्हणजे त्या वेळी अजून अमावास्याच. मुंबईत सूर्योदयाला प्रतिपदा लागायला अवघी काही मिनिटं बाकी. दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयाला द्वितीया. थोडक्यात, महाराष्ट्रात प्रतिपदेला सूर्योदयच मिळत नाही. ती क्षय तिथी. अशा वेळी ती जिथे सुरू होऊन संपते तो दिवस पाडव्याचा, म्हणून १९ मार्चच. हीच प्रतिपदा द्वारकेत सूर्योदयाला हजर, कारण तिथे सूर्य पंचवीस-तीस मिनिटं उशिरा उगवतो. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत ती बुधवारी रात्री लागून गुरुवारी संध्याकाळपर्यंत टिकते, त्यामुळे तिथल्या मराठी घरांना क्षयाचा प्रश्नच पडत नाही. सगळीकडे गुढी गुरुवारीच, पण प्रत्येक ठिकाणी वेगळ्या कारणाने.

अशा प्रसंगी लोक सोलापूरकडे बघतात. नाना दात्यांनंतर धुंडिराजशास्त्री दात्यांनी हे काम वाढवलं आणि आता त्यांचे चिरंजीव मोहन दाते पंचांगकर्ते म्हणून ते सांभाळतात. २०१६ साली पंचांगाने शंभरी गाठली. दिनदर्शिका आल्या, १९७३ पासून ‘कालनिर्णय’ भिंतीवर आलं, मग मोबाइल आला. तरी गणपती, लक्ष्मीपूजन, संक्रांत जवळ आली की वर्तमानपत्रं मोहन दात्यांचं म्हणणं छापतातच. त्यांच्या सांगण्यात मला एक गोष्ट फार मोलाची वाटते : नियम सांगताना ते माणसाची सोय पाहतात. ज्याला सकाळी कामावर जायचं आहे, त्याने पूजा कधी करावी, याचं सरळ उत्तर ते देतात. तिथीची भीती घालणारे आजूबाजूला पुष्कळ असताना हे करणं सोपं नाही.

सोलापूर हे या पंचांगाचं गाव असणंही अर्थपूर्ण आहे. पद्मशाली समाजाच्या तेलुगू घरांत पाडव्याला उगादी असते. कडुनिंबाची फुलं, चिंच, गूळ, कैरी घातलेली पच्चडी होते. कन्नड घरांतही युगादीच. मराठी घरांत कडुनिंबाची कोवळी पानं, हरभऱ्याची भिजली डाळ, ओवा, हिंग, मीठ आणि गूळ वाटून चमचा चमचा हातावर देतात. एकाच गल्लीत तीन भाषा आणि एकच प्रतिपदा. संवत्सराचं नावही एकच, कारण तिघेही साठ संवत्सरांची दक्षिणेकडची मोजणी धरतात. शकात बारा मिळवून साठने भागा, बाकी उरेल त्या क्रमांकाचं संवत्सर. शके १९४८ ला बाकी चाळीस उरते, म्हणून पराभव.

गावातलं पंचांगवाचन मात्र ओसरत चाललंय, आणि त्याची मला मनापासून खंत आहे. जोशी हा गावगाड्यातला बलुतेदार. पाडव्याला देवळात बसून तो नव्या वर्षाचं संवत्सरफल वाचायचा. लोक शिधा आणि दक्षिणा देऊन ऐकायचे. वर्षाचा राजा कोण, मंत्री कोण, पिकांचा धनी कोण, मेघांचा कोण. यात गूढ काही नाही : चैत्र शुद्ध प्रतिपदेचा जो वार त्याचा ग्रह राजा, मेषसंक्रांतीच्या वाराचा ग्रह मंत्री. २०२६ साली पाडवा गुरुवारी, म्हणून राजा गुरू. मेषसंक्रांत १४ एप्रिलला मंगळवारी, म्हणून मंत्री मंगळ. मग पावसाच्या नक्षत्रांची वाहनं. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजून नऊने भागायचं आणि बाकीवरून हत्ती, घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव. बेडूक, म्हैस, हत्ती आला की श्रोत्यांत समाधानाची हालचाल व्हायची.

या भाकितांवर पेरणी ठरवू नये, हे मी स्पष्ट लिहितो. नऊने भागून उरलेल्या बाकीचा ढगांशी संबंध नाही, आणि १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या तालुक्याला ते वेगळं सांगायला नको. आता उजनी धरणाचं पाणी आहे, हवामानखात्याचे अंदाज आहेत, ते पाहावेत. पण वाचन बंद पडल्याने गावाने दुसरंच काही गमावलं. त्या तासाभरात ज्याला अक्षरओळख नव्हती त्यालाही कळायचं की यंदा ग्रहणं किती, अधिक महिना आहे का, रोहिणी कधी निघते, मृग कधी लागतो. आकाशाचं वर्षाचं वेळापत्रक गाव एकत्र बसून ऐकत होतं. पाडव्याच्या दिवशी शाळेतल्या गुरुजींनी किंवा बाईंनी देवळाच्या पारावर बसून पंचांगाची तेवढी पानं मोठ्याने वाचली तर काही बिघडणार नाही. फलिताची पानं वगळून वाचावीत. पुढच्या संध्याकाळी पोरांना पश्चिमेकडे द्वितीयेची कोर दाखवावी, म्हणजे बारा अंशांची तिथी पुस्तकातून आभाळात जाईल.

करकंबपासून वीसेक किलोमीटरवर, पंढरपुरात, हे वेळापत्रक देव स्वतः पाळतो. उन्हाळा लागला म्हणून पाडव्यापासून विठ्ठल-रुक्मिणीला चंदनाची उटी लावायला सुरुवात होते आणि मृग नक्षत्र लागेपर्यंत ती चालते. उटीचा आरंभ चंद्राच्या तिथीने ठरतो आणि शेवट सूर्याच्या नक्षत्राने. मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो; तो फारसा हलत नाही. पाडवा मात्र हलतो. त्यामुळे २०२६ साली उटीला ऐंशी-एक्याऐंशी दिवस मिळतात, आणि अधिक ज्येष्ठ ओलांडून ७ एप्रिल २०२७ ला, प्लवंग संवत्सराच्या पहिल्या दिवशी, पाडवा येईल तेव्हा एकसष्ट-बासष्टच. चंदन उगाळणाऱ्यांना किती खोडं लागतील याचा अंदाजही मग सोलापुरात छापलेल्या त्या दोन आकड्यांवरूनच बांधावा लागतो.